खाण्याचा आजार: सोलापुरात तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत कसं पोहोचायचं

घरातल्या कुणाचं जेवणाशी बिनसलं की सुरुवातीचे कित्येक महिने भलत्याच दारांत जातात. पाळी चुकली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, घशाशी येतं म्हणून ॲसिडिटीची गोळी, चक्कर आली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन. मध्येच एखादी आत्या मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते. वाईट कुणालाच चिंतायचं नसतं, पण ही सगळी लक्षणं एकाच आजाराची आहेत हे कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण ती एकत्र लिहिलेली कुठेच नसतात. रेफर होण्यातलं खरं काम तेच आहे. विखुरलेली माहिती एका कागदावर आणायची आणि तो कागद योग्य माणसाच्या हातात द्यायचा.

आपल्याकडे या आजाराच्या तज्ज्ञांना, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना, भेटायला दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती नाही. थेट गेलात तरी तपासतात. तरीही चिठ्ठी घेऊनच जा. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्या मिनिटांत रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, आई रडते आणि वेळ संपते. चिठ्ठीत वजनाचा उतार, पल्स आणि पोटॅशियम लिहिलेलं असलं की डॉक्टर तिथूनच पुढे बोलायला लागतात.

कुणाबद्दल बोलतोय

खाणं तोडून वजन घटवत नेणं आणि तरीही स्वतःला जाड समजणं म्हणजे ॲनोरेक्सिया. ताबा सुटून भरमसाट खाणं आणि मग ते उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास किंवा अति व्यायामानं ‘फेडणं’ म्हणजे बुलिमिया. फेडण्याचा भाग नसेल तर बिंज ईटिंग. चवीची, स्पर्शाची किंवा घास अडकण्याची भीती बसून मोजकेच पदार्थ उरणं हा चौथा प्रकार. त्यात दिसण्याची काळजी नसते आणि तो लहान मुलांत बऱ्याचदा ‘नखरे’ म्हणून सोडून दिला जातो.

हा आजार फक्त बारीक, कॉलेजच्या मुलींना होतो हा समज उपचारांच्या सर्वांत आड येतो. तालमीत वजनगटासाठी वजन उतरवणारा पैलवान, जिममधला मुलगा, चाळिशीतली गृहिणी, चांगल्या भरल्या अंगाची बाई, कुणालाही तो होतो. बुलिमियात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं. म्हणून या लेखात ‘इतक्या वजनाखाली गेलं की धोका’ असा आकडा मुद्दाम दिलेला नाही. आजारी माणूस त्या आकड्याकडे ध्येय म्हणून पाहतो आणि घरचे तो गाठेपर्यंत थांबतात.

चिठ्ठीची वाट न बघता आजच जायचं, ते केव्हा

शुद्ध हरपली, छातीत दुखतंय किंवा धडधडतंय, झटका आला, बोलण्यात गोंधळ आहे, उलटीत रक्त आहे, दिवसभर पाणीसुद्धा पोटात राहत नाही, किंवा ‘जगायचं नाही’ असं बोलणं सुरू आहे, तर थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. जागेपणी शांत पडलेलं असताना पल्स 40 च्या खाली असेल तर मोठ्या माणसातही ती इमर्जन्सी आहे. वाढत्या वयाच्या मुलांत दिवसा 50 च्या खालचा पल्ससुद्धा त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवा. रिपोर्टमध्ये पोटॅशियम 3 च्या खाली दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, कारण त्यात हृदयाची लय बिघडते आणि ती बिघडण्याआधी माणूस चालता-बोलता असतो. टाइप 1 मधुमेहाचा रुग्ण वजनासाठी इन्सुलिन चुकवत असेल तर त्यालाही वेळ नसतो.

एक गोष्ट पाठच करून ठेवा. बरेच दिवस नीट न खाल्लेल्या माणसाला ‘ताकदीचं’ ग्लुकोजचं सलाईन लावू देऊ नका, आणि तो तयार झालाच म्हणून एका दिवसात भरपूर खाऊही घालू नका. उपाशी शरीरात साखर एकदम आली की रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही उतरतं. पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय आणि मेंदूवर ताण येतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि त्यानं माणूस दगावू शकतो. अशा रुग्णाला आधी थायमिन (जीवनसत्त्व बी1) देतात, मग रोज रक्त तपासत आहार वाढवत नेतात, आणि हे काम रुग्णालयातच होतं. दवाखान्यात कुणी सलाईन लावायला निघालं तर स्पष्ट सांगा, ‘हिनं इतके दिवस खाल्लेलं नाही, आधी इलेक्ट्रोलाइट आणि फॉस्फरस बघा.’

आठवडाभराची वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस एक साधी वही ठेवा. त्याहून जास्त थांबू नका. चक्कर येत असेल तर सात दिवसही थांबू नका, आजपर्यंतचं आठवून लिहा आणि निघा.

कॅलरी मोजू नका, ताटातली भाषा वापरा: सकाळी अर्धा कप चहा, दुपारी पाव भाकरी, दोन चमचे भाजी, आमटी नाही. सोबत काय सोडलं तेही लिहा, कारण आजाराचा नेमका माग तिथे लागतो. सोलापुरी घरात शेंगाची चटणी ताटातून सहसा हलत नाही. तेल सुटतं म्हणून ती बंद झाली, मग आमटीवरचा कट काढून टाकणं सुरू झालं, मग भात गेला, मग ‘मी मैत्रिणीकडे खाऊन आले’ सुरू झालं, असा क्रम तारखांसकट लिहिलात तर अनुभवी डॉक्टरांना फारसं विचारावं लागत नाही.

उपासांची वेगळी नोंद करा. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे हे सगळं आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की आजार त्याच्या आडोशाला वर्ष-वर्ष लपतो. फरक ओळखायचा तर उपास सोडायची वेळ बघा. श्रद्धेनं उपास करणारा माणूस तो सोडताना पोटभर आणि आनंदानं जेवतो. आजारी माणसाचा उपास सुटतच नाही. एक संपला की दुसरा धरला जातो, किंवा सोडताना घाबरगुंडी उडते.

बाकी नोंदी थोडक्यात: जेवणानंतर किती वेळा आणि किती वेळ बाथरूममध्ये, व्यायाम किती, शेवटची पाळी कोणत्या तारखेला, थंडी वाजणं, केस गळणं, मासिक चिडचिड नव्हे तर जेवणाच्या वेळेपुरती चिडचिड, झोप. घरात जुलाबाच्या, ‘फॅट बर्नर’ किंवा थायरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं सापडली तर फोटो काढून ठेवा. दोन-तीन वर्षांपूर्वीचं वजन शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर किंवा जुन्या डिस्चार्ज कार्डावर मिळतं. ते जरूर शोधा, कारण आजचं वजन एकटं फारसं सांगत नाही, उतार सांगतो. घरी रोज वजन करणं मात्र बंद करा आणि काटा कपाटात ठेवा.

वही चोरून ठेवू नका. ‘तुझ्यावर पाळत नाही, डॉक्टरांना सांगायला लिहितोय’ असं सांगून ठेवा. चोरून ठेवलेली वही सापडली की बोलणंच बंद होतं.

पहिला डॉक्टर

फॅमिली डॉक्टर, फिजिशियन किंवा मूल लहान असेल तर बालरोगतज्ज्ञ, यांच्यापैकी जो तुमचं ऐकून घेतो त्याच्याकडे जा. अक्कलकोट, मोहोळ, सांगोल्याकडच्या गावांतून येणार असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातूनही चिठ्ठी मिळते. आशाताई ओळखीच्या असतील तर कोणत्या दिवशी डॉक्टर असतात हे त्यांना नेमकं माहीत असतं.

‘जेवत नाही हो’ अशी सुरुवात केलीत तर भूक लागायचं टॉनिक मिळेल. त्याऐवजी म्हणा, ‘आम्हाला ईटिंग डिसऑर्डरची शंका आहे. तपासण्या करून मानसोपचार विभागाला चिठ्ठी हवी आहे.’ शब्द आपणच उच्चारायचा. डॉक्टरांनी शंका घेतली तर ‘स्कॉफ’ नावाच्या पाच प्रश्नांचा आधार घ्या. 1999 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी जगभर वापरली जाते. पोट फार भरल्यासारखं वाटून मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? तीन महिन्यांत साधारण सहा किलो वजन उतरलं आहे का? इतर बारीक म्हणत असताना स्वतः जाड वाटता का? अन्नानं आयुष्य व्यापून टाकलंय असं वाटतं का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले की पुढची तपासणी व्हायला हवी. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांशी बोलणं सुरू करायला पुरेसं आहे.

तपासण्यांत एक ठरलेली चूक होते. लॅबमध्ये ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’ म्हटलं की बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वेगळं लिहून घ्यावं लागतं. त्यासोबत सीबीसी, साखर, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ईसीजी. वजन उतरण्याची दुसरी कारणंही याच वेळी तपासून घ्यावीत: टीबी, मधुमेह, थायरॉइड, आतड्यांचे आजार. पाळी चुकली असेल तर गर्भधारणेची तपासणीही. पल्स आणि बीपी आडवं पडून एकदा आणि उभं राहून दोन मिनिटांनी पुन्हा घ्यायला सांगा. उभं राहिल्यावर पल्स 30 पेक्षा जास्त वाढत असेल किंवा वरचं बीपी 20 नं उतरत असेल तर शरीर थकत चाललंय.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही. शरीर शेवटपर्यंत रक्तातले आकडे सांभाळत राहतं. हे वाक्य डॉक्टरांकडूनच ऐकायला मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तर तुम्ही म्हणा.

पाळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. खाणं कमी पडल्यानं पाळी थांबते, घरचे ‘पीसीओडी असेल’ म्हणून जातात, पाळी आणायच्या गोळ्या मिळतात, रक्तस्राव होतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण तो गोळ्यांनी आलेला असतो. शरीर अजून उपाशीच असतं आणि हाडं झिजत राहतात. त्यातच ‘वजन थोडं कमी करा’ असा नेहमीचा सल्ला मिळाला तर आजाराला डॉक्टरांचीच परवानगी मिळते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी वही दाखवा.

चिठ्ठीत काय असावं

डॉक्टर ती इंग्रजीत लिहितील, हरकत नाही. मजकूर साधारण असा हवा (उदाहरण काल्पनिक आहे):

‘प्रति, मानसोपचार विभाग. 17 वर्षांची मुलगी, बारावी विज्ञान. मागच्या सात महिन्यांपासून खाणं कमी करत नेलं आहे. भात, तेल, शेंगदाणे पूर्ण बंद. वजन जूनमध्ये __, आज __, उंची __. शेवटची पाळी चार महिन्यांपूर्वी. जेवणानंतर उलटी आठवड्यातून तीन-चार वेळा, असं आई सांगते, मुलगी नाकारते. पल्स आडवं 52, उभं 86. बीपी आडवं 100/64, उभं 84/58. पोटॅशियम 3.2, फॉस्फरस नॉर्मल, ईसीजी जोडला आहे. आत्महत्येचे विचार विचारले, नाहीत म्हणते. संशयित निदान: ॲनोरेक्सिया नर्व्होसा. मूल्यमापन आणि उपचारांसाठी पाठवत आहे. पोटॅशियम तीन दिवसांनी पुन्हा तपासणार.’

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. तज्ज्ञांची भेट होईपर्यंत शरीराकडे कोण बघणार हे त्यातून ठरतं. तशी ओळ नसेल तर विचारा, ‘तोपर्यंत पल्स आणि रक्त कुठे तपासायचं?’ ‘खाण्याच्या तक्रारी, कृपया पाहावे’ एवढीच चिठ्ठी मिळाली तर नम्रपणे परत द्या आणि वजनाचा उतार, पल्स, पोटॅशियम, संशयित निदान या चार गोष्टी घालून मागा. कागदावर शिक्का, सही आणि तारीख बघून घ्या.

सिव्हिलमध्ये

श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सिव्हिल, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. याचा फायदा असा की मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात मिळतात. या आजाराला नेमकं हेच लागतं, कारण मन आणि शरीर दोन्हीकडे एकाच वेळी बघावं लागतं. ‘आहारविकार विभाग’ अशी पाटी शोधत बसू नका. मानसोपचारची ओपीडी गाठा.

सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि खिडकीवर ‘मानसोपचार’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘अशक्तपणा’ सांगितलं की केसपेपर मेडिसिनचा निघतो आणि सकाळ तिथल्या रांगेत जाते. पल्स किंवा पोटॅशियम बिघडलेलं असेल तर उलट करा: आधी मेडिसिन, आणि तिथल्या डॉक्टरांना मानसोपचारचा रेफरन्स केसपेपरवरच लिहायला सांगा. रुग्णासोबत स्वयंपाक करणारी आणि वाढणारी व्यक्ती यायला हवी. बऱ्याच घरांत ती आजी असते आणि ती तेलुगू किंवा कन्नडच बोलते. डॉक्टरांना आधीच सांगा. सोलापुरात त्या भाषा जाणणारं कुणी ना कुणी मिळतं, आणि आजीनं सांगितलेला एक तपशील कधी-कधी वडिलांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा मोलाचा असतो.

डॉक्टरांनी रुग्णाशी एकट्यानं बोलायचं म्हटलं तर उठून बाहेर या. वजन करताना रुग्णानं काट्याकडे पाठ करून उभं राहावं आणि आकडा मोठ्यानं सांगू नये, अशी विनंती करता येते.

खासगीत जाताना

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देतात, दाखल करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, त्यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. नुसतं ‘काउन्सेलर’ या पाटीमागे काय शिक्षण आहे ते वेगळं तपासावं लागतं. फोनवरच तीन गोष्टी विचारा: खाण्याच्या आजाराचे रुग्ण बघता का, थेरपी कोणती देता, आणि कोणत्या फिजिशियनसोबत काम करता. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरं नाव शोधा.

थेरपीचं नाव विचारण्याला कारण आहे. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियात घरच्यांनी ताटाची जबाबदारी घेण्यावर आधारलेली फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट आधी देतात. बुलिमियात आणि मोठ्या माणसांत सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी, तीही साधारण वीस बैठकांची, आणि वजन फार उतरलेलं असेल तर चाळीसपर्यंत. दोन बैठकांत ‘समजावून’ सांगण्यानं हा आजार जात नाही. आहारतज्ज्ञ हवेतच, पण वजन कमी करण्याचे कोर्स चालवणाऱ्यांकडे जाऊ नका.

सोलापूरबाहेर पाठवलं तर

पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय, बेंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. ससून पुणे स्टेशनपासून अगदी जवळ आहे. ओपीडीची नोंदणी सकाळची असते, म्हणून आदल्या दिवशी मुक्काम केलेला बरा. अशक्त रुग्णाला उपाशीपोटी पहाटे उठवून चार तास प्रवास करायला लावू नका. बेंगळुरूला उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरून जाते. निम्हान्सला निघण्याआधी तिथल्या नोंदणीची पद्धत फोन करून विचारून घ्या. प्रवासाआधी ईसीजी आणि पोटॅशियम ताजं हवं आणि ‘प्रवासास हरकत नाही’ असं फिजिशियनकडून लिहून घ्या. डबा सोबत न्या आणि गाडीतही जेवणाच्या वेळा मोडू नका.

अडलं तर

‘वजन तर ठीक आहे, कमी झालं की या’ असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका. ‘आज दाखल करायची किंवा रेफर करायची गरज नाही, असं केसपेपरवर लिहून द्याल का?’ एवढं शांतपणे विचारा. लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा एकदा तपासतो. तेवढ्यानं झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

रुग्ण यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी वही घेऊन आधी एकट्यानं भेटावं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तिथे रुग्णाला किंवा घरच्यांना, दोघांनाही बोलता येतं. ‘बीपी बघायला जाऊ’ असं खोटं सांगून मानसोपचारच्या दारात उभं करू नका. त्यानंतर रुग्ण कुणाचंच ऐकत नाही.

18 पूर्ण झालेला माणूस स्वतः एकटा जाऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार त्याची माहिती गोपनीय राहते आणि स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मागायचा हक्क त्याला आहे. होस्टेलवर राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. जिवाला धोका असूनही माणूस दाखल व्हायला नकार देत असेल, तर याच कायद्याच्या कलम 89 मध्ये तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ठराविक मुदतीसाठी दाखल करायची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी रुग्णालय करतं. घरच्यांनी हात-पाय धरून न्यायचं नसतं.

पैसे आणि कागद

याच कायद्यानं मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखंच वागवणं बंधनकारक केलं आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. चिठ्ठीवर आणि डिस्चार्ज कार्डावर निदानाचा कोड असू द्या. आयसीडी-10 या आजारांच्या जागतिक यादीत खाण्याच्या आजारांचा कोड एफ 50 पासून सुरू होतो. ‘अशक्तपणा’ लिहिलेल्या कार्डावर पुढे काहीच उभं राहत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स सोबत हवी.

तारीख मिळेपर्यंत

तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, ठरलेल्या वेळी, कुणाच्या तरी सोबत. ताटावर वजनाबद्दल, अभ्यासाबद्दल बोलू नका. जेवणानंतर तासभर सोबत बसा, टीव्ही बघा, पत्ते खेळा. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्यानं चूळ भरा, कारण आम्लानं मऊ झालेलं दातांवरचं आवरण घासलं की निघतं. ‘आता छान भरलीस’ हे कौतुकानं म्हटलेलं वाक्यही पाहुण्यांना आधीच सांगून थांबवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा लग्नसराईत नातेवाईक भेटणार असतील तर हे सांगणं विसरू नका. पायांवर सूज आली, चक्कर वाढली किंवा पल्स पुन्हा उतरला तर दिलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा आणि सगळे कागद सोबत न्या.

प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पहिल्या भेटीतून उठण्याआधी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, आणि रक्ताची पुढची तपासणी कोणत्या दिवशी आहे तेही तिथेच.